पॅनिक अटॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि बहुतेक वेळा ईसीजी नॉर्मल आल्यावर येतात. सगळं क्रमाने वाचायची गरज नाही. आत्ता छातीत दुखत असेल आणि असं पहिल्यांदाच होत असेल, तर थेट प्रश्न ५ वाचा. निदान आधीच झालेलं असेल आणि अटॅक चालू असेल, तर प्रश्न ७.

१. पॅनिक अटॅक म्हणजे नेमकं काय? नुसतं घाबरणं आणि हे, यात फरक काय?

अचानक उसळणारी तीव्र भीती, जी काही मिनिटांतच कळसाला पोचते आणि येताना शरीराची लक्षणं घेऊन येते. तिची ओळख वेगावरून पटते. कर्जाच्या हप्त्याची किंवा मुलांच्या निकालाची काळजी दिवसभर कुरतडत राहते, कमीजास्त होते. पॅनिक अटॅक मात्र शांत बसलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटांत 'आता मी मरणार' इथवर नेतो. बहुतेक अटॅक ५ ते २० मिनिटांत ओसरतात. 'तीन तास अटॅक होता' असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत सहसा लाटांमागून लाटा आलेल्या असतात, किंवा अटॅक संपून थकवा आणि 'परत येईल का' ही धास्ती तेवढी उरलेली असते.

२. लक्षणं कोणती? मला फक्त मुंग्या येतात आणि चक्कर येते. तोही पॅनिक अटॅकच का?

निदानाच्या निकषांत १३ लक्षणं आहेत: धडधड, दरदरून घाम, थरथर, दम कोंडणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं होणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, अंग गार पडणं किंवा गरम वाफा येणं, मुंग्या किंवा बधिरपणा, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं किंवा आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं, ताबा सुटेल किंवा वेड लागेल ही भीती, आणि मरणाची भीती. यांपैकी चार किंवा जास्त एकदम आली तर तो पूर्ण पॅनिक अटॅक. त्याहून कमी असतील तर मर्यादित लक्षणांचा अटॅक; उपचार तोच. मुंग्या दिवसभर, आणि मुख्यतः तळपायांना येत असतील तर मात्र बी-१२ आणि साखर तपासा. शाकाहारी लोकांत बी-१२ची कमतरता सर्रास सापडते.

डॉक्टरांना नुसतं 'जीव घाबरा होतो' किंवा 'बीपी लो होतं' असं सांगू नका. पहिलं लक्षण कोणतं, किती मिनिटांत वाढलं, किती वेळ टिकलं आणि त्याआधीच्या तासाभरात काय खाल्लं-प्यायलं, एवढं कागदावर लिहून न्या. निदानाचं अर्धं काम तिथेच होतं.

३. मला कसलंही टेन्शन नाही. टीव्ही बघत बसलो होतो, तरी का आला?

कारण अटॅकची सुरुवात दर वेळी विचारातून होत नाही. बरेचदा ती शरीरातल्या एखाद्या किरकोळ बदलातून होते. जड जेवणानंतर ठोका जरा वाढतो, उकाड्यात डोकं हलकं होतं, जिना चढून आल्यावर श्वास लागतो. मेंदू त्याचा अर्थ 'धोका' असा लावतो, ॲड्रेनॅलिन सुटतं, ठोका आणखी वाढतो, आणि त्या वाढलेल्या ठोक्यामुळे धोका खराच वाटू लागतो. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली हे चक्र मांडलं. आजचे मानसोपचार बऱ्याच अंशी त्यावरच उभे आहेत.

ताणाचाही हात असतो, पण उशिरा दिसणारा. लग्नघराची धावपळ, घरातलं आजारपण, नोकरीतला बदल या काळात माणूस तग धरतो आणि सगळं आटोपून निवांत बसला की पहिला अटॅक येतो. रस्त्यातून ट्रक गेला तरी बोंबलणाऱ्या गाडीच्या अलार्मसारखं हे आहे: आवाज खरा, चोर नाही. घरात आणखी कोणाला हा त्रास असेल तर शक्यता वाढते. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण सुमारे दुप्पट आहे. सुरुवात बहुतेकदा विशीत होते.

४. अटॅकमध्ये माझे हात वाकडे झाले आणि तोंडाभोवती बधिर झालं. हा पॅरालिसिस होता का?

बहुधा नाही. घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, बरेचदा ते त्याच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्ताची आम्लता घटते. त्याचे दोन परिणाम होतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. चक्कर आणि 'सगळं खोटं वाटणं' तिथून येतं. रक्तातल्या कॅल्शियमचा वापरता येणारा भाग कमी होतो; त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात आणि जास्त झालं तर मनगट वाकून अंगठा आत ओढला जातो. श्वास मंदावला की हे सगळं काही मिनिटांत सुटतं.

पक्षाघातात सहसा एकच बाजू जाते, तोंड वाकडं होतं, बोबडी वळते. यांपैकी काहीही दिसलं तर 'थोडं थांबून पाहू' म्हणू नका. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं.

५. हार्ट अटॅक आहे की पॅनिक अटॅक, घरी कसं ओळखायचं?

पहिल्या वेळी घरी ओळखायचा प्रयत्नच करू नका. खाली दिलेले फरक तुमची समज वाढवण्यासाठी आहेत. निर्णय त्यांवर सोपवू नका.

पॅनिकमधलं दुखणं बरेचदा टोचल्यासारखं असतं, बोटाने जागा दाखवता येते, आणि काही मिनिटांत ते शिगेला पोचून उतरतं. हृदयाचं दुखणं बहुतेकदा दाबल्यासारखं, छातीवर ओझं ठेवल्यासारखं असतं. ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागाकडे सरकतं. चाललं, जिना चढला की वाढतं आणि वीस मिनिटांनंतरही हटत नाही. एवढं वाचून हायसं वाटत असेल तर जरा थांबा. बायकांत, मधुमेहींत आणि म्हाताऱ्या माणसांत हार्ट अटॅक नुसता दम लागणं, घाम, मळमळ आणि थकवा असाही येतो. म्हणजे थेट पॅनिकसारखाच.

म्हणून नियम साधा ठेवा. आयुष्यातला पहिलाच अटॅक, वय चाळिशीपुढे, मधुमेह, बीपी, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकार यांपैकी एक जरी गोष्ट लागू असेल, तर १०८ला फोन करा किंवा जवळच्या, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. 'गॅस झालाय' म्हणून सोडा, इनो किंवा ओवा घेत तासभर घालवू नका. आपल्याकडे हार्ट अटॅकचे सुरुवातीचे मोलाचे तास बरेचदा या 'गॅस'मध्येच जातात. आणि एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच उठू नका. ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणीही सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे काही तासांनी ती पुन्हा करतात. डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबा.

६. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. अजून काय काय तपासू?

पुरेशी यादी छोटी आहे: नीट तपासणी आणि बीपी, ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि गरजेप्रमाणे कॅल्शियम व बी-१२. डॉक्टरांना शंका आली तरच २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा होल्टर (२४ तास अंगावर लावून ठेवलेला ईसीजी).

निदान चुकतं ते तीन-चार ठिकाणी. एसव्हीटी नावाचा ठोक्यांचा विकार तरुण मुलींमध्ये वर्षानुवर्षं पॅनिक म्हणून खपून जातो. त्यात ठोका बटण दाबल्यासारखा एकदम १५० ते २२०वर जातो आणि तसाच एकदम थांबतो, आणि भीती धडधडीच्या मागून येते. पॅनिकमध्ये ठोका चढत जातो, हळूहळू उतरतो आणि सहसा एवढा वर जात नाही. अटॅक चालू असतानाच ईसीजी मिळाला तर प्रश्न तिथेच मिटतो. वाढलेला थायरॉइड असेल तर धडधड आणि थरथर दिवसभर असते, वजन उतरतं, उकाडा सोसत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर घाम-थरथर सुरू होताच ग्लुकोमीटर लावा. ७०च्या खाली साखर असेल तर आधी साखर खा. फिट येण्याच्या एका प्रकारातही क्षणभर भीती उसळते, पण ती सेकंदांत संपते, माणूस हरवल्यासारखा बघत राहतो आणि नंतर त्याला नीट आठवत नाही. पॅनिकमधलं सगळं लख्ख आठवतं.

यातून बाहेर पडल्यावर मात्र तपासण्या थांबवा. तिसरा कार्डिऑलॉजिस्ट आणि पाचवा इको यांनी दोन दिवस बरं वाटतं आणि शंका आणखी पक्की होते. तपासणी एकदाच करा, पण नीट करा.

७. अटॅक चालू असताना नेमकं काय करायचं?

निदान आधी झालेलं आहे आणि हा अटॅक नेहमीसारखाच आहे, असं धरून सांगतो. (वेगळा वाटत असेल तर प्रश्न २०.)

१. पळू नका. आहात तिथेच बसा किंवा उभे राहा. गाडी चालवत असाल तर हजार्ड लाइट लावून सुरक्षित जागी कडेला घ्या.

२. मनात नाव द्या: 'हा पॅनिक अटॅक आहे. शिगेला जाईल आणि उतरेल.' घड्याळात वेळ बघून ठेवा.

३. तोंड मिटा. नाकाने साधा श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजत. सोडताना सहापर्यंत मोजा. खांदे खाली, हात पोटावर. असं चार-पाच मिनिटं.

४. लक्ष बाहेर वळवा: समोरच्या पाट्या वाचा, पायाखालची फरशी जाणवू द्या.

५. उतरू लागला की जे करत होतात तेच पुढे चालू ठेवा, निदान पाच मिनिटं तरी.

लोक हमखास चुकतात ते इथे: 'थांब, थांब' म्हणत अटॅकशी झुंजतात. झुंजलं की ॲड्रेनॅलिन आणखी सुटतं. श्वासाची युक्तीही अटॅक घालवण्यासाठी नाही, त्यात तेल न ओतण्यासाठी आहे.

८. सगळे 'दीर्घ श्वास घे' म्हणतात, पण मला त्याने जास्तच होतं. कपालभाती करू का? आणि कागदी पिशवी?

जास्त होणारच. मोठे मोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड अजून घसरतो (प्रश्न ४). श्वास खोल हवा असं नाही, सावकाश हवा, आणि सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब हवा.

कपालभाती आणि भस्त्रिका एरवी करा, पण अटॅक चालू असताना नको. त्यांतला जलद श्वास नेमकी तीच लक्षणं पैदा करतो. सकाळी कपालभाती केल्यावर चक्कर आणि मुंग्या येत असतील तर त्याचं कारणही हेच. भ्रामरी चालते, कारण गुंजारव करताना श्वास आपोआप लांबतो. श्वास रोखून धरणारे कुंभक सुरुवातीला टाळा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला आता देत नाहीत. त्रास मुळात दम्याचा, हृदयाचा किंवा फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गाठीचा असेल तर पिशवीमुळे प्राणवायू धोकादायक इतका कमी होऊ शकतो.

९. घरच्यांनी काय करावं? कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं, तरी उपयोग नाही.

कांदा आणि चप्पल फिटमध्येसुद्धा निरुपयोगी आहेत. इथे तर माणूस शुद्धीवरच असतो. भोवतीची गर्दी कमी करा. एकाच माणसाने, हळू आवाजात बोलावं: 'हे मागेही आलं होतं, उतरलं होतं. मी इथेच आहे. माझ्याबरोबर श्वास सोड.' 'काही झालेलं नाहीये तुला' आणि 'नाटकं बंद कर' ही दोन वाक्यं गिळून टाका. धाप लागलेली असताना घटाघटा पाणी पाजू नका, ठसका लागतो. शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेटची (हृदयाच्या दुखण्यावरची) गोळी जिभेखाली ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय: तिने बीपी उतरतं, खरीखुरी चक्कर येते आणि ठोका वाढतो.

ऑक्सिमीटर असेल तर एकदाच लावा. पॅनिकमध्ये आकडा सहसा ९७ ते १०० असतो. ९४च्या खाली असेल तर बोटं गार आहेत का, नेलपॉलिश आहे का ते बघून पुन्हा लावा. तरी तोच आला तर हे पॅनिक समजू नका.

१०. मी बेशुद्ध पडेन का? वेड लागेल का?

पॅनिकमध्ये बीपी आणि ठोका दोन्ही वर जातात. बेशुद्ध पडण्यासाठी बीपी खाली यावं लागतं, म्हणून पडणं विरळाच. अपवाद आहे रक्त, सुई किंवा जखम बघून घाबरणाऱ्यांचा: त्यांचं बीपी आधी चढतं आणि मग धाडकन कोसळतं. त्यांच्यासाठी उपाय उलटा आहे. दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, २०-३० सेकंद सैल सोडायचे, असं पाच वेळा. आणि इंजेक्शन आडवं होऊनच घ्यायचं. व्यायाम करताना किंवा कसलीही पूर्वसूचना नसताना शुद्ध हरपली असेल, तर हृदयाचे डॉक्टर गाठा.

पॅनिकने वेड लागत नाही. 'मला वेड लागतंय का' हा प्रश्न पडतोय यातच तुमचं भान जागेवर असल्याची खूण आहे.

११. रात्री झोपेतून दचकून जाग येते, दम कोंडलेला असतो. स्वप्न वगैरे काही आठवत नाही.

झोपेतला पॅनिक अटॅक असाच असतो. तो बहुधा झोप लागल्यावर तीनेक तासांच्या आत, स्वप्नांच्या टप्प्याबाहेर येतो. म्हणून स्वप्न आठवत नाही. दुःस्वप्नं बहुतेकदा पहाटेकडे पडतात. घोरणं असेल, घरच्यांनी मध्येच श्वास थांबलेला पाहिला असेल, सकाळी डोकं जड आणि दिवसा पेंग येत असेल, तर झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची तपासणी करा. रात्री जड जेवून लगेच आडवं होणाऱ्यांना घशाशी आंबट येऊनही अशीच जाग येते. जाग आल्यावर प्रश्न ७ मधलं सगळं लागू. फक्त मोबाइलवर 'हार्ट अटॅकची लक्षणं' शोधू नका.

१२. चहा, तंबाखू, दारू यांचा काही संबंध आहे का?

आहे. कॅफिनचा अंमल निम्मा व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचचा चहा रात्री दहाला अर्धा शिल्लक असतो. दिवसाला सहा-सात कटिंग होत असतील तर आठवड्याभरात दोनवर या. एकदम बंद केलात तर डोकं दुखेल. उपाशीपोटी मशेरी किंवा तंबाखू म्हणजे निकोटिनचा थेट झटका, ठोका वाढतोच.

दारूने रात्री बरं वाटतं आणि पहाटे अटॅक येतो, कारण अंमल उतरताना मज्जासंस्था उसळते. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली आणि दिवसभरात हात थरथरू लागले, घाम फुटला, तर हे पॅनिक धरून घरी बसू नका. फिट येऊ शकते, रुग्णालयात न्या. भांगेचा अंमल चढायला एक-दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा पेला घेतला जातो, आणि मग येणारं घाबरंघुबरं प्रकरण वीस मिनिटांत नाही, कित्येक तासांनी उतरतं. सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, स्टेरॉइड आणि थायरॉक्सिनचा जादा डोस यांनीही धडधड होते. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

१३. एकदाच आला. आता हा आयुष्यभराचा आजार झाला का?

नाही. आयुष्यात एखादा पॅनिक अटॅक पुष्कळांना येतो आणि तिथेच संपतो. अनपेक्षित अटॅक वारंवार येऊ लागले आणि त्यांतल्या निदान एकानंतर महिनाभर 'पुन्हा येईल का' ही धास्ती राहिली, किंवा त्यापायी वागणं बदललं, तरच त्याला पॅनिक डिसॉर्डर म्हणतात. हा वागण्यातला बदलच खरा मामला आहे: एकट्याने बाहेर न पडणं, व्यायाम सोडणं, मनगटावरच्या घड्याळात दर दहा मिनिटांनी ठोके बघणं.

१४. लोकलमध्ये अटॅक आला, तेव्हापासून ट्रेन टाळतोय. थोडे दिवस टाळलं तर आपोआप जाईल ना?

उलट घट्ट होईल. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेतून मेंदू 'ट्रेन खरंच धोक्याची होती' हा धडा घेतो. मग लिफ्ट, मग दर्शनाची रांग, मग घाटातला प्रवास. वर्षभरात माणूस घराशी बांधला जातो.

परतीचा रस्ता पायऱ्यांचा असतो. समजा तुम्ही ठाण्याचे आहात. आधी गर्दी नसताना फलाटावर वीस मिनिटं बसायचं. मग दुपारी स्लो लोकलने मुलुंडपर्यंत, एकच स्टेशन, सोबत कोणीतरी. मग तेच एकट्याने. मग घाटकोपर. मग फास्ट लोकलने दादर. सगळ्यात शेवटी गर्दीची वेळ. प्रत्येक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा, आणि भीती निदान अर्ध्यावर येईपर्यंत उतरायचं नाही. मधल्या स्टेशनावर घाबरून उतरलात तर घरी परतू नका, पुढची गाडी पकडा. दारालगतच उभं राहणं, पाण्याची बाटली छातीशी धरणं, सतत फोनवर बोलत राहणं या कुबड्याही एकेक करून सोडायच्या, नाहीतर 'बाटली होती म्हणून वाचलो' एवढंच मनात राहतं.

१५. काउन्सेलिंगला जाऊन नुसत्या गप्पा मारायच्या का?

पॅनिकसाठी सगळ्यात चांगला पुरावा सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी) या पद्धतीचा आहे, आणि ती गप्पांपेक्षा सरावाच्या जास्त जवळची आहे. साधारण १० ते १४ सत्रं, आठवड्याला एक, आणि मधल्या दिवसांत घरचा अभ्यास. सुरुवातीला चक्र समजावतात (प्रश्न ३), मग 'ठोका वाढला म्हणजे हार्ट अटॅक' सारख्या समजुती तपासतात. त्यानंतरचा भाग लोकांना अजब वाटतो: भीती वाटणारी लक्षणं मुद्दाम आणायची. एक मिनिट जलद श्वास, फिरत्या खुर्चीत एक मिनिट गिरक्या, बारीक स्ट्रॉमधून एक-दोन मिनिटं श्वास, जागच्या जागी धावणं. दहा-बारा वेळा केल्यावर धडधड ही नुसती धडधड उरते. गरोदरपण, हृदयविकार, फिट किंवा दमा असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. तीन-चार सत्रांनंतरही घरी करायला काहीच दिलं नसेल तर विचारा, आणि पटलं नाही तर दुसरे थेरपिस्ट शोधा.

१६. गोळ्यांची सवय लागते का? किती दिवस घ्यायच्या?

गोळ्या दोन जातींच्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही मूळ उपचाराची औषधं. यांची चटक लागत नाही. परिणाम दिसायला २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत बेचैनी उलट वाढू शकते, म्हणून सुरुवात लहान डोसने करतात: एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅम किंवा सर्ट्रालिन २५. 'गोळीने जास्त झालं' म्हणून चौथ्या दिवशी बंद करणारे बरेच जण याच टप्प्यावर गळतात. बरं वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेसारखे झटके येतात. पंचविशीच्या आतल्या माणसाच्या मनात सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दुसरी जात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची. अर्ध्या तासात गुण येतो आणि सवय लागते ती यांचीच. यांचा उपयोग मोजके दिवस, मूळ औषध लागू पडेपर्यंतच. महिनोन्‌महिने घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. अल्प्राझोलाम एच-१ यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. दुकानदार चिठ्ठीशिवाय देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

१७. गोळी घेत नाही, पण पाकिटात असली की बरं वाटतं. चालेल का?

उपचाराच्या सुरुवातीला चालेल. पण ती पट्टी म्हणजे प्रश्न १४ मधलीच कुबडी आहे. ती घरी ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणं, ही तुमच्या यादीतली एक पायरी करा.

१८. गरोदर आहे. औषध बंद करू का?

चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून त्याच दिवशी बंद करू नका; त्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. पॅरॉक्सेटिन सुरुवातीच्या महिन्यांत सहसा टाळतात, सर्ट्रालिन बरेचदा चालू ठेवतात. त्रास सौम्य असेल तर एकट्या सीबीटीवर भागतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच धडधड-दम सुरू झाला तर तो 'ओल्या अंगाचा अशक्तपणा' किंवा पॅनिक समजून सोडू नका. रक्तक्षय, थायरॉइड, हृदयाचे स्नायू कमजोर होणं आणि फुप्फुसातली रक्ताची गाठ या चारही गोष्टी या काळात होऊ शकतात. एका पायाला सूज किंवा आडवं झाल्यावर वाढणारा दम असेल तर त्याच दिवशी रुग्णालय.

१९. घरचे म्हणतात बाहेरचं आहे. कुठे जाऊ, आणि खर्च किती येईल?

अंगारा लावण्यावरून घरात भांडण करू नका, गोळी चालू ठेवा. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, धुरी किंवा साखळदंड हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करा. औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम पदवीचे डॉक्टर. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा, विचारण्यात गैर काही नाही. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि गोव्यात बांबोळीची संस्था आहे; तिथल्या ओपीडीत जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आधी तिथेच फोन करा, आणि एकटे राहू नका.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. मात्र बहुतेक पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि पॅनिकचे उपचार ओपीडीतच होतात. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते बघा.

२०. निदान पक्कं आहे, पण या वेळचा अटॅक वेगळा वाटतोय. पॅनिकच समजू का?

नाही. पॅनिक असलेल्या माणसालाही हार्ट अटॅक येतो, दमा होतो, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकते. तुमच्या नेहमीच्या अटॅकचा नमुना माहीत असणं इथेच कामाला येतं. दुखणं नव्या जागी आहे किंवा चालल्यावर वाढतंय, वीस-तीस मिनिटांनंतरही उतरत नाही, शुद्ध हरपली, एका बाजूला अशक्तपणा आहे, ताप आहे, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय, ओठ निळसर दिसतात किंवा ऑक्सिमीटर ९४च्या खाली आहे: यांपैकी एक जरी असेल तर रुग्णालयात जा. दमा आणि पॅनिक दोन्ही असतील तर पीक फ्लो मीटर (फुंकीचा जोर मोजायचं साधन) घरी ठेवा. फुंकीचा आकडा तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली असेल तर पंप घ्या, ५०च्या खाली असेल तर पंप घेत घेत रुग्णालय गाठा. आकडा नेहमीसारखा असेल तर प्रश्न ७. रुग्णालयात पोचल्यावर 'मला पॅनिकचा त्रास आहे' हे सांगा, पण त्याच्याआधी 'आज नेहमीपेक्षा वेगळं काय आहे' ते सांगा. उलट्या क्रमाने सांगितलं की पुढचं नीट ऐकलं जात नाही.